‘पेटत नाही’ म्हणजे नेमके काय?

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याचा अ‍ॅम्प्लिफायर पेटेना. कोरा करकरीत, खोक्यातून नुकताच काढलेला. एवढ्याशा गोष्टीवर लेख कसला लिहायचा, असे तुम्ही म्हणाल. मीही म्हटले असते. पण त्या आठ दिवसांत जे पाहिले त्यावरून माझे एक मत पक्के झाले आहे, आणि ते अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा आपल्या मराठीविषयी जास्त आहे. म्हणून हा खटाटोप.

आधी त्या वस्तूची ओळख करून देतो. भाचा गिटार वाजवतो. आमच्या घरात पेटी, तबला, झांजा. गिटार म्हणजे चर्चच्या क्वायरचे किंवा तियात्राचे वाद्य, अशी एक समजूत माझ्या लहानपणी फोंड्याच्या बाजूला होती. आता ती राहिली नाही, बरेच झाले. इलेक्ट्रिक गिटारला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतोच, तो अ‍ॅम्प्लिफायरमधून यावा लागतो. त्यातही दर्दी लोकांना लागतो तो व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प. ज्यांच्या घरी जुना रेडिओ होता त्यांना व्हॉल्व्ह सांगायला नको. काचेच्या बाटलीएवढे ते दिवे, आत लालसर तार, आणि रेडिओ लावल्यावर ‘थांब, तापू दे’ असे म्हणणारे आजोबा! रेडिओतून व्हॉल्व्ह गेले, पण गिटारवाल्यांनी ते सोडले नाहीत. जोरात वाजवले की व्हॉल्व्हमधून सूर थोडा फाटतो, आणि तो फाटणेच त्यांना गोड लागते. एकेकाळी बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्सही व्हॉल्व्ह बनवायची. आज ते मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये बनतात, आणि गिऱ्हाइकांत मोठा वाटा या गिटारवाल्यांचा.

तर भाच्याने दोन वर्षे हॉटेलांत वाजवून पैसे साठवले आणि असा एक पंधरा वॉटचा अ‍ॅम्प घेतला. आत पाच व्हॉल्व्ह, तीन लहान, दोन मोठे. पंधरा वॉट ऐकून हसू नका. वजन इतके की खोके उचलताना माझी पाठ धरली. इथे तो महाग पडला असता म्हणून इंग्लंडहून मागवला. आमच्या शेजारचे एक कुटुंब स्विंडनला असते. गोव्यातले किती लोक त्या एका गावात जाऊन राहिले आहेत ते इथल्या वाचकांना सांगायला नको. ते सुट्टीवर येताना सामानातून घेऊन आले. तिकडची वीज आपल्यासारखीच, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. प्रश्न एकच, तिकडचा प्लग चौकोनी पिनांचा. त्यासाठी भाच्याने बाजारातून एक अ‍ॅडाप्टर आणला, पूजाबिजा करून बटण दाबले, आणि काही नाही. दिवा नाही, गुणगुण नाही, व्हॉल्व्हच्या तारा काळ्या.

रात्री साडेदहाला फोन. “मामा, अ‍ॅम्प मेला.”

पुढच्या तीन रात्री पोरगा झोपला नाही. त्याने भिंतीतला सॉकेट बदलून पाहिला. अ‍ॅडाप्टरमध्ये टेबललॅम्प लावून पाहिला, तो लागला. अ‍ॅम्पच्या मागे, जिथे वायर खुपसतात त्याच्या खालीच एक बारीक खण असतो. त्यात काचेचा फ्यूज. तोही काढून उजेडात धरला, आतली तार शाबूत. शेजारी जादा फ्यूज ठेवलेला होता, तोही घालून पाहिला. म्हणजे मुलगा वेंधळा नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. मग त्याने नेटवर इंग्रजी पाने वाचली. शेकड्याने आहेत. एकाने लिहिले होते, व्हॉल्व्ह बदल. आठ-नऊ हजारांचे नवे व्हॉल्व्ह कुरिअरने मागवले, तेही घालून झाले. पुन्हा काळोख. खरे तर एखादा व्हॉल्व्ह मेला म्हणून अख्खे यंत्र असे मुके होत नाही. निदान दिवा तरी लागतो, बाकीच्यांच्या तारा तरी लाल होतात. पण हे आम्हांला नंतर कळले.

मग तो एका मोठ्या दुकानात गेला. तिथल्या माणसाने खोक्यावरचा पत्ता वाचला आणि “आमच्याकडून घेतलेला नाही” म्हणून हात वर केले. वॉरंटी इंग्लंडात. तो तिकडे परत पाठवायचा म्हणजे निम्मी किंमत वाहतुकीतच जायची. त्याच आठवड्यात एका लग्नात वाजवायचे होते, ते दुसऱ्याचा अ‍ॅम्प उसना घेऊन उरकले. चौथ्या दिवशी त्याने मला सांगितले की आता तो मागची पत्र्याची झाकणे काढून आत पाहणार आहे, नेटवर कुणीतरी पायरी पायरीने दाखवले आहे.

इथे मात्र मी घाबरलो. मी कलाशाखेचा माणूस. वीज म्हणजे काय ते मला दहावीपुरते ठाऊक. पण लहानपणी आमच्या देवळाच्या जत्रेत नाटकाच्या वेळी जो माणूस लाऊडस्पीकर लावायचा, त्याचे एक वाक्य कानात बसले आहे. तो म्हणायचा, व्हॉल्व्हची मशीन वायर काढल्यावरही चावते. ते खरे आहे. आत जे मोठे कपॅसिटर असतात त्यांत तीनशे-चारशे व्होल्टपर्यंत वीज साठते, आणि प्लग काढून ठेवला तरी ती काही वेळ, कधी कधी बराच वेळ, तशीच बसून राहते. माणूस मारायला तेवढी पुरे. मी त्याला म्हटले, “तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू? ठेव तो स्क्रू-ड्रायव्हर.” थोडी वादावादी झाली. शेवटी रविवारी सकाळी खोके गाडीत घालून आम्ही मडगावला निघालो.

मडगावच्या जुन्या बाजाराजवळ एका गल्लीत एक गृहस्थ बसतात. वय सत्तरीच्या पुढे. नाव मुद्दाम देत नाही, त्यांना आवडणार नाही. सगळे त्यांना मेस्त म्हणतात. दुकान म्हणजे एक खोली, अर्धी जुन्या रेडिओंनी भरलेली. आमच्या भजनी मंडळाचा अ‍ॅम्प्लिफायर मी त्यांच्याकडूनच दोनदा दुरुस्त करून नेला आहे.

भाच्याने सांगितले, “पेटना.”

मेस्तांनी चष्मा वर केला. “पेटना म्हळ्यार कितें?”

पोरगा गोंधळला. पेटत नाही म्हणजे पेटत नाही! पण म्हातारा एकेक विचारत गेला. बटणाचा दिवा लागतो का? नाही. दिवा नसला तरी व्हॉल्व्हच्या तारा लाल होतात का, अंधारात पाहिलेस का? पाहिले, नाही होत. बटण दाबताना टक असा आवाज, गुणगुण, वास, काही? काही नाही. फ्यूज गेला होता की गेलाच नव्हता? नव्हता. आणि मग थोडा आवाज चढवून, “भितर उगडूंक ना मूं?” नाही म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली.

नंतर मला समजले की ही उगाच केलेली चौकशी नव्हती. ‘पेटत नाही’ या दोन शब्दांत निदान चार वेगळ्या गोष्टी राहतात. दिवा नाही पण तारा लाल, तर बिघाड फक्त दिव्याचा, वाजवा खुशाल. दिवा आहे, तारा लाल आहेत, पण आवाज नाही, तर आधी ते स्टँडबायचे दुसरे बटण पाहा. नवशिके निम्मे तिथेच फसतात, कारण त्या बटणाने तारा तापत राहतात आणि आवाज अडवलेला असतो. बटण दाबताच फ्यूज उडतो, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, एखादा मोठा व्हॉल्व्ह किंवा आणखी खोल काही. आणि चौथी गोष्ट आमची. काहीच नाही, आणि फ्यूजही शाबूत. याचा बहुधा अर्थ वीज फ्यूजपर्यंत पोचलेलीच नाही. आम्ही घराच्या आत चोर शोधत होतो आणि तो फाटकाबाहेरच होता.

“वायर खंय?” मेस्तांनी विचारले.

“वायर नवी आसा,” भाचा म्हणाला.

“नवी आसा म्हूण बरी आसा अशें कोणें सांगलें तुका?”

त्यांनी मीटरचे एक टोक वायरीच्या या तोंडाला लावले, दुसरे प्लगच्या पिनांना. एका पिनेला मीटर वाजला, दुसरीला वाजला, तिसरीला गप्प. मग त्यांनी प्लग उलटा केला, पिनांच्या मधून एक झाकण बारीक स्क्रू-ड्रायव्हरने उचकटले, आणि आतून शेंगदाण्याच्या शेंगेएवढी एक पांढरी नळी टेबलावर पडली. फ्यूज! प्लगमध्येच फ्यूज!

इंग्लंडातल्या प्लगच्या पोटात फ्यूज असतो, हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हते. त्याला कारण आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे घरांत एकच वायर सगळ्या खोल्यांतून फिरवून परत आणायची पद्धत आली. तिच्यावरचा मुख्य फ्यूज तीस अँपिअरचा. टेबललॅम्पची बारीक वायर जळून कोळसा झाली तरी तो उडायचा नाही. म्हणून १९४७ साली चौकोनी पिनांचा प्लग ठरवला, तेव्हा प्रत्येक प्लगमध्येच त्या त्या वस्तूपुरता फ्यूज घातला. आपल्याकडचे गोल पिनांचे प्लग आहेत तेही ब्रिटिशांचेच, पण त्यांच्या आधीच्या पद्धतीचे. त्यांत फ्यूज नाही. त्यांनी घर बदलले, आपण त्यांचे जुने सामान वापरतो. असो. ही नळी चिनी मातीची असते, काचेची नाही, त्यामुळे आतली तार तुटली तरी डोळ्यांना दिसत नाही. मीटरच हवा.

आणि भाच्याने वाचलेल्या शेकडो पानांत हे का सापडले नाही? ती बहुतेक अमेरिकन होती. अमेरिकेत असा प्लग नाही. तिथल्या माणसाने ‘आधी फ्यूज पाहा’ लिहिले ते यंत्राच्या मागच्या फ्यूजविषयी, आणि पोराने तो पाहिला होताच. वस्तू इंग्लंडहून आलेली, अ‍ॅडाप्टर बाजारातला, सल्ला अमेरिकेचा आणि घर फोंड्याचे. प्रत्येकाचे आपापल्या जागी बरोबर होते, पण फोंड्याच्या घरातून लिहिलेले असे एकही पान नव्हते.

मेस्तांनी लगेच दुसरी वायर लावून बटण दाबले असते तर ते आमच्यासारखेच ठरले असते. त्यांनी तसे केले नाही. फ्यूज मरतो तेव्हा त्याला कुणीतरी मारलेले असते, असे धरूनच पुढे जायचे, हा त्यांचा नियम. कोपऱ्यात एक लाकडी फळी होती, तिच्यावर होल्डर आणि शंभर वॉटचा जुना पिवळा बल्ब. सीरिज बोर्ड म्हणतात त्याला. वीज आधी बल्बमधून जाते आणि मग यंत्रात. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटून तसाच राहतो, यंत्र वाचते. आत सगळे ठीक असेल तर तो आधी उजळतो आणि मग मंद होतो. स्पीकरची वायर लागलेली आहे ना, हेही त्यांनी हाताने ओढून पाहिले. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्पीकरशिवाय चालवला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. मग बटण दाबले. बल्ब उजळला... आणि हळूहळू विझत आला. काचेतल्या तारा लाल होऊ लागल्या. कुणी काही बोलले नाही. मिनिटभराने मेस्तांनी स्टँडबाय काढले, स्पीकरमधून बारीक स्स्स असा आवाज आला, आणि माझा बावीस वर्षांचा भाचा त्या कळकट दुकानात रडायला लागला.

दुसरी वायर कुठली होती सांगू? कॉम्प्युटरची. ऑफिसात प्रत्येक कॉम्प्युटरच्या मागे असते ती, साधी, काळी. मी सरकारी कचेरीत कारकून आहे, रोज आठ तास पाय ठेवतो तो तसल्याच एका वायरीवर. भाच्याच्या घरी फक्त लॅपटॉप, त्याची वायर या भोकात बसत नाही, म्हणून त्याच्या डोक्यात आले नाही. माझ्या डोक्यात का आले नाही, याचे उत्तर माझ्याकडे नाही. दप्तरात एखादी फाईल अडली की आम्ही ती साहेबाच्या टेबलावर शोधत नाही, आधी आवक नोंदवही उघडून ती मुळात आली का ते पाहतो. इतके दिवस हे धंद्याचे शहाणपण फक्त कागदाला लागू पडते, अशी माझी समजूत होती.

मेस्तांनी पन्नास रुपये घेतले. मी शंभर पुढे केले तर पन्नास परत दिले.

आता माझे मत. गोव्यात आपण मराठीसाठी पुष्कळ भांडलो. १९८७च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीला सरकारी कामकाजात वापरायची मुभा राहिली. त्यावर आजवर जेवढे लेख आले, परिसंवाद झाले, तेवढे दुसऱ्या कशावरही झाले नसतील. मीही दोन-तीन लिहिले आहेत. त्याबद्दल पस्तावा नाही. पण या सगळ्या वर्षांत मराठीतून फ्यूज कसा तपासावा यावर गोव्यात कुणी एक पान लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. आपण लिहितो संतांवर, नाटकांवर, जत्रांवर, आठवणींवर. माझ्या टेबलावर त्या अ‍ॅम्पबरोबर आलेले माहितीपत्रक पडले आहे. त्यात अकरा भाषा आहेत. त्यांत मराठी नाही, कोकणी नाही, हिंदीसुद्धा नाही. त्या कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही, तिचे गिऱ्हाईक आपण नव्हेच. पण मेस्तांच्या डोक्यातले पत्रक तर आपल्याच गावचे आहे ना? ते कुठल्या भाषेत आहे? बोलतात कोकणी, हिशेब इंग्रजीत लिहितात, अवजारांची काही नावे पोर्तुगीज, आणि आमच्यासारखा आला की मराठी. त्यातले एक वाक्य कागदावर नाही. त्यांचा मुलगा या धंद्यात नाही, शिकाऊ पोरगा नाही.

कुणी म्हणेल, हे तांत्रिक मराठीत कसे लिहायचे, शब्द कुठे आहेत? शब्द हवे तेवढे आहेत. मेस्त्री हा शब्दच पोर्तुगीज मेस्त्रेवरून आलेला. चावी, बादली, घमेले हेही तिकडूनच आले आणि मराठी झाले. त्यांच्यासाठी कुणी परिभाषा समिती बसवली नव्हती. फ्यूजला फ्यूज म्हणा, सीरिज बोर्डाला सीरिज बोर्ड. वितळतार असा शब्द एकदा मी सरकारी कोशात पाहिला होता. मेस्तांना म्हणून दाखवला, तर त्यांना वाटले मी सोनाराविषयी बोलतो आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. असे लिहिले तर लोक घरच्या घरी उघडाउघडी करतील आणि मरतील. मला उलट वाटते. भाचा आत हात घालायला निघाला तो माहितीच्या अभावी. बाहेर काय तपासायचे ते संपले, असे त्याला वाटले म्हणून. भिंतीतला सॉकेट, प्लग, प्लगमधला फ्यूज, वायर, ती मागे घट्ट बसली आहे का, मागचा फ्यूज, मागे व्होल्टेजचे बटण असेल तर ते २३०वर आहे का, मग पुढची दोन बटणे. इथवर पत्र्याचा एक स्क्रूही काढावा लागत नाही. फ्यूज गेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा आणि त्याच अक्षराचा घालायचा. टी लिहिलेले असेल तर टीच, कारण व्हॉल्व्हचे यंत्र सुरू होताना क्षणभर जास्त वीज ओढते आणि टीचा फ्यूज तेवढे सोसतो. पुन्हा गेला की थांबायचे. मोठा फ्यूज किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालायची नाही. त्यापुढे मेस्त. ही रेघ कुठे मारायची ते कुणीतरी आपल्या भाषेत सांगितले असते, तर माझी ती रात्र बरी गेली असती.

आणि दुरुस्ती म्हणजे काही हलके काम, आणि कला वरची, असे मानणाऱ्यांसाठी एक गोष्ट. हा गिटारचा अ‍ॅम्प ज्यांच्या हातून घडला ते लिओ फेंडर कॅलिफोर्नियात फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवत. त्यांना गिटार वाजवता येत नसे. इंग्लंडचे जिम मार्शल ड्रम वाजवत आणि लंडनमध्ये दुकान चालवत. त्यांचा पहिला अ‍ॅम्प १९६२च्या सुमाराला बनला तो त्यांच्याच दुकानातल्या दुरुस्ती करणाऱ्या माणसांच्या हातून, फेंडरच्या एका अ‍ॅम्पचा नमुना समोर ठेवून. पुढचे सगळे रॉक संगीत त्या दुरुस्तीच्या टेबलावरून उठून गेले आहे. आपल्याकडे तबल्याची शाई भरणाऱ्याचे, पेटीचे सूर लावणाऱ्याचे नाव कार्यक्रमपत्रिकेत असते का? मी तरी पाहिलेले नाही.

गेल्या रविवारी मी वही घेऊन पुन्हा मडगावला गेलो. मेस्त म्हणाले, मीसानंतर या, अकराला, आणि लिहायचे असेल तर तुमच्या भजनी मंडळाच्या मशीनपासून सुरुवात करू, ती तुम्हांला माहीत आहे. पहिल्या दिवशी चार पाने झाली. माझे अक्षर त्यांना वाचता येत नाही, देवनागरी त्यांनी शाळेत शिकलेली नाही. म्हणून मी वाचून दाखवतो आणि ते चुका सांगतात.

इंग्लंडच्या प्लगमधला तो तीन अँपिअरचा फ्यूज मात्र मडगावात कुठल्या दुकानात मिळाला नाही. भाचा आता गोल पिनांच्या वायरीवरच वाजवतो. स्विंडनचे शेजारी नाताळला येताना चार आणणार आहेत. एक मेस्तांसाठी सांगितला आहे. त्यांना तो डबीत ठेवायचा आहे, पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला.